वर्गांत फांसे आणावे काय ?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे भेटावयास आले. गृहस्थ शेतकरी, वयानें माझ्याहून वडील, व बोलण्यांत अत्यंत सौम्य. थोडा वेळ पेरणीच्या गोष्टी झाल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, राग मानूं नका; पण मिशनच्या शाळेंत पोरांच्या हातीं फांसे आणि पत्ते देतां, हें बरें दिसतें काय ? आमच्या घरीं आम्ही पत्त्याच्या पानास हात लावूं देत नाहीं." त्यांच्या मुलानें घरीं जाऊन सांगितलें होतें कीं, आज गणिताच्या तासास आम्ही फांसे टाकले. मीं त्या वेळीं त्यांस यथामति उत्तर दिलें. परंतु तोच प्रश्न आणखी कित्येक पालकांच्या मनांत असेल, व गुरुजींनीं त्या दिवशीं अभ्यासास सुटी दिली असा कांहीं विद्यार्थ्यांचाही समज असेल, असें वाटून ह्या वार्षिकांत त्याचा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, त्या गृहस्थांची शंका क्षुल्लक नव्हे. जुगारानें बुडालेलीं घरें आपल्या जिल्ह्यांत कोणीं पाहिलीं नाहींत ? ज्या पांढऱ्या सोन्यावर आपण सर्व जगतों, त्या कापसाशींच एका मोठ्या जुगाराचा जन्म जोडलेला आहे. न्यूयॉर्कच्या बाजारांतून मुंबईस तारेनें कापसाचे भाव येत, व त्या भावांच्या अंकांवर पैजा लागत. १९६० नंतरच्या वर्षांत तो मार्ग बंद झाल्यावर मडक्यांत चिठ्ठ्या घालून अंक काढूं लागले. त्यावरून त्यास मटका हें नांव पडलें. पुढें तेंच मडकें निराळ्या रूपानें प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलमध्यें शिरलें. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कायदा दाराला कडी लावतो. मनाची खिडकी बंद करणें हें काम घराचें व शाळेचें आहे.

ह्या बाबतींत मला एक कबुली द्यावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वींचा आमचा एक विद्यार्थी गणितांत हुशार होता. संभाव्यतेचा धडा मींच त्यास शिकविला, व त्या धड्यावरील प्रश्नांत त्यानें पुरे गुण मिळविले. शाळा सोडल्यावर थोड्याच काळांत त्यानें कापूस विकून घरीं आलेली रक्कम मोबाईलवरील एका खेळांत घालविली. मला भेटला तेव्हां तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, इतक्या वेळां हरलों होतों कीं, आतां पुढचा डाव माझाच असें वाटत होतें." त्यास सूत्र पाठ होतें, त्या सूत्राचा अर्थ मात्र त्याच्या हाडीं मुरला नव्हता. मीं तो धडा खडू व फळा ह्यांच्या साह्यानें दोन तासांत संपविला होता. नाणें उडवा असें पुस्तकांत लिहिलें होतें, पण वर्गांत एकही नाणें उडालें नव्हतें. तेव्हांपासून मीं माझी पद्धति बदलली.

आतां मूळ विषयाकडे वळूं. संभाव्यता म्हणजे एखादी गोष्ट घडण्याचा संभव किती हें मोजण्याची विद्या. आणि संभव मोजावयाचा तर एकंदर किती प्रकार होऊं शकतात हें न चुकतां मोजतां आलें पाहिजे. ह्या दुसऱ्या विद्येस आपल्या पूर्वजांनीं अंकपाश असें नांव दिलें. हल्लीं तिचे भाग क्रमचय व संचय ह्या नांवांनीं शिकवितात. दहावीच्या 'गणित भाग १' ह्या पुस्तकांत संभाव्यता हें पांचवें प्रकरण आहे, हें विद्यार्थी जाणतातच.

ही विद्या खेळांतूनच जन्मास आली. सोळाव्या शतकांत इटलींतील कार्डानो नांवाच्या वैद्यानें फांशांच्या खेळावर ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मरणानंतर, १६६३ सालीं, छापला गेला. १६५४ सालीं फ्रान्स देशांतील पास्कल व फर्मा ह्या दोघां विद्वानांनीं एका अर्धवट राहिलेल्या डावाविषयीं परस्परांस पत्रें लिहिलीं. त्यांचा प्रश्न आपल्या मुलांच्या भाषेंत असा मांडतां येईल : दोन मुलांनीं आठ आठ गोट्या मध्यें ठेविल्या; जो आधीं तीन डाव जिंकेल त्यानें सोळाही न्याव्या. पहिल्याचे दोन व दुसऱ्याचा एक डाव झाला, इतक्यांत शाळेची घंटा वाजली. गोट्या कशा वाटाव्या ? कोणी म्हणेल, दोनास एक ह्या प्रमाणानें. पण पास्कल व फर्मा ह्यांनीं झालेल्या डावांकडे न पाहतां होऊं शकणाऱ्या डावांकडे पाहिलें. आणखी दोन डाव झाले असते तर चार प्रकार संभवतात. त्यांपैकीं तिहींत पहिला जिंकतो, एकांत दुसरा. म्हणून पहिल्यास बारा व दुसऱ्यास चार. भविष्याकडे हिशेबानें पाहावयास मनुष्यजात येथून शिकली असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आपल्या देशांतही ह्या विद्येचीं मुळें खोल गेलेलीं आहेत. नलराजाच्या कथेंत ऋतुपर्ण राजा विदर्भाच्या वाटेवर असतांना एका बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती हें पाहतांक्षणीं सांगतो. सारथि झालेला नल तें झाड पाडून मोजतो, व संख्या बरोबर आढळल्यावर राजापासून फांशांचें रहस्य शिकतो. बेहड्याचींच फळें त्या काळीं फांसे म्हणून वापरीत असत. तो बेहडा आजही आपल्या रानांत उभा आहे. जो नल अज्ञानानें खेळून राज्य घालवून बसला होता, त्यास मोजण्याची विद्या मिळाल्यावर त्याच्या अंगांतील कलि बाहेर पडला, असें ती कथा सांगते. माझ्या सर्व म्हणण्याचें सार ह्या एका कथेंत आहे.

तसेंच ११५० सालीं भास्कराचार्यांनीं रचिलेल्या लीलावतींत अंकपाशाचें स्वतंत्र प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांत दहा निरनिराळीं आयुधें व वस्तु अदलाबदल करून धरल्यास त्याच्या मूर्ति किती प्रकारच्या होतील, असें त्यांत विचारलें आहे. उत्तर ३६,२८,८०० येतें. आणि विष्णूच्या चार हातांचे प्रकार केवळ २४. त्याच ग्रंथांत गोड, आंबट, खारट, तिखट, कडू व तुरट अशा सहा रसांचीं मिश्रणें किती होतील हेंही विचारलें असून तीं ६३ आहेत. पाहा, देवळांतील मूर्ति व स्वयंपाकघरांतील चवी ह्यांवरून आचार्य गणित शिकवीत. त्यांच्या नातवानें चाळीसगांवाजवळ पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा शिलालेख आजही प्रसिद्ध आहे. तेव्हां खेळ व मौज ह्यांच्या द्वारें गणित शिकविणें हें कांहीं परदेशांतून आलेलें नवें खूळ नव्हे.

परंतु फांशांवांचून केवळ फळ्यावर हा विषय शिकवितां येणार नाहीं काय ? माझा अनुभव असा कीं, येत नाहीं. कारण ह्या विषयांत आपली बुद्धि आपणांस जितकी फसविते तितकी अन्य कोठें क्वचितच. दोन नाणीं एकदम उडविलीं असतां किती प्रकार होतात असें विचारा. बहुतेक मुलें म्हणतात, तीन : दोन्ही छापा, दोन्ही कांटा, अथवा एक छापा व एक कांटा, म्हणून प्रत्येकाचा संभव तिसरा हिस्सा. ह्या चुकीबद्दल मुलांस हंसूं नये. दालांबेर नांवाच्या थोर फ्रेंच गणितज्ञानें १७५४ सालीं एका विश्वकोशांत ह्याच जातीची चूक छापून ठेविली आहे. ती फळ्यावर दुरुस्त केली तरी मुलाच्या मनांत टिकून राहते. पण त्याच मुलानें एक रुपयाचें व एक पांच रुपयांचें अशीं दोन नाणीं घेऊन शंभरदां उडविलीं, व मिश्र प्रकार पंचवीसतीसदां नव्हे तर पन्नासच्या आसपास आला असें स्वतः पाहिलें, म्हणजे रुपया छापा व पांच कांटा, आणि रुपया कांटा व पांच छापा, हे दोन निरनिराळे प्रकार आहेत हें त्यास कोणीं सांगावें लागत नाहीं.

दुसरा प्रयोग पाहा. वर्गांतील अर्ध्या मुलांनीं नाणें खरोखर शंभरदां उडवून निकाल लिहावे, व अर्ध्या मुलांनीं नाणें न उडवितां मनानेंच छापा-कांटा असे शंभर निकाल लिहावे; मीं तोंवर वर्गाबाहेर जावें. परत येऊन मी वह्या पाहतों व खऱ्या कोणत्या आणि कल्पित कोणत्या हें सांगतों. चूक एखाद्दुसरीच होते. मुलांस ही जादू वाटते. रहस्य इतकेंच कीं, खऱ्या शंभर फेकींत एकच बाजू लागोपाठ पांच वेळां अथवा त्याहून अधिक वेळां कोठें तरी आल्यावांचून बहुधा राहत नाहीं. परंतु मनानें लिहिणारा मुलगा तीन छापे झाले कीं, आतां कांटा आलाच पाहिजे असें समजून कांटा लिहितो. नाण्यास मागील निकालांची आठवण नसते. आठवण आपणांस असते. माझ्या त्या विद्यार्थ्यास ज्या समजुतीनें बुडविलें ती हीच. त्याच्या वेळीं मीं हा प्रयोग केला असता तर, असें मला वारंवार वाटतें.

आतां संगणकाविषयीं. कित्येकांस वाटतें कीं, यंत्र आलें म्हणजे हातानें कांहीं करावयास नको. माझें मत ह्याच्या उलट आहे. आधीं हात, मग कागद, व शेवटीं यंत्र, असा क्रम असावा. त्याचें कारण चिंचोक्यांच्या खेळावरून दाखवितों. पंचवीस घरांच्या पटावर खेळावयाचा अष्टाचंग, ज्यास कोठें अष्टाचम्मा म्हणतात, आपल्या घरोघरीं माहीत आहे. फोडलेले चार चिंचोके टाकले असतां चारही पांढरे पडल्यास चार व चारही काळे पडल्यास आठ मिळतात. दोन्ही बाजू सारख्याच सुलभ मानिल्या तर एकंदर सोळा प्रकार होतात. त्यांत पांढरे शून्य, एक, दोन, तीन, चार पडण्याचे प्रकार अनुक्रमें १, ४, ६, ४, १ असे आहेत. चाळीस मुलांनीं पन्नास पन्नास फेकी केल्या म्हणजे दोन हजार फेकी झाल्या. हिशेबाप्रमाणें १२५, ५००, ७५०, ५००, १२५ ह्यांच्या जवळपास आंकडे यावयास पाहिजेत. वर्गांत मात्र ते तसे आले नाहींत. मुलें म्हणालीं, गणित चुकलें. मग एकीनें चिंचोका उलटसुलट करून पाहिला व म्हणाली, "सर, ह्याची एक बाजू सपाट आणि एक फुगीर आहे, मग दोन्ही सारख्या कशा पडतील?" त्या दिवशींचा तास सार्थकीं लागला. गणित चुकलें नव्हतें. दोन्ही बाजू सारख्या आहेत हें आमचें गृहीत चुकलें होतें.

हाच खेळ नंतर आम्हीं संगणकावर मांडला. मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रशास्त्र संस्थेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेली स्क्रॅच नांवाची प्रणाली विनामूल्य आहे. तींत रंगीत ठोकळे जोडून मुलेंच आज्ञावली तयार करतात, व त्यांतील एक ठोकळा मागाल त्या मर्यादेंतील यदृच्छ अंक देतो. ऑस्ट्रियांतील मार्कुस होहेनवार्टर ह्यांनीं २००१ सालीं आरंभिलेलें जिओजेब्रा हेंही विनामूल्य असून त्यावर आलेख उत्तम काढतां येतात. संगणकानें एक लक्ष फेकी पाहतां पाहतां केल्या, व आंकडे सोळाच्या हिशेबास अगदीं धरून आले. मुलें टाळ्या वाजवूं लागलीं. मीं विचारलें, संगणकास चिंचोक्याची फुगीर बाजू ठाऊक आहे काय ? क्षणभर सर्व स्तब्ध झालीं. यंत्राला आपण जें प्रमाण सांगितलें तेंच त्यानें परत दिलें. त्याचे यदृच्छ म्हणविले जाणारे अंकही एका ठरलेल्या नियमानें काढलेले असतात. ज्या मुलानें आधीं खरा चिंचोका हातीं धरला नाहीं, तो यंत्राच्या उत्तरास सत्य मानील; ज्यानें धरला तो त्याचें गृहीत विचारील.

मग यंत्राचा उपयोग तो कोणता ? जें हातानें जन्मभरांत होणें नाहीं, तें एका तासांत डोळ्यांपुढें उभें करणें. आम्हीं एक खोटा जुगार रचला. शून्यापासून नवापर्यंत एक अंक निघावयाचा. आपला अंक निघाल्यास एका रुपयाचे नऊ मिळावयाचे, न निघाल्यास रुपया गेला. संभव दहांत एक, मिळकत नऊ. म्हणजे सरासरीनें दर रुपयामागें दहा पैसे चालकाचे. दहा पैसे तें काय, असें मुलांस वाटलें. मग चाळीस कल्पित खेळाडू करून संगणकास खेळविलें. शंभर डावांनंतर नफ्यांत असणारे साधारण बारा निघतात. हजार डावांनंतर चार-पांच. दहा हजार डावांनंतर बहुधा एकही नाहीं. हे आंकडे दर वेळीं थोडे बदलतात, पण उतार बदलत नाहीं. आणि हजार डावांच्या वेळचे ते चार-पांच भाग्यवान हेच काय ते, ज्यांच्या गोष्टी आपण चौकांत व चहाच्या हॉटेलांत ऐकतों. उरलेले पस्तीस जण घरीं गप्प बसलेले असतात. हें समजल्यावर एका मुलानें स्वतः तो नवाचा आंकडा बदलून साडेनऊ केला, मग आठ केला, व चालकाचा लाभ कसा वाढतो घटतो हें तपासलें. ज्यानें असा खेळ स्वतः बनविला, त्याला दुसऱ्यानें बनविलेल्या खेळाच्या आंत काय दडलेलें असतें हें आयुष्यांत कोणास विचारावें लागणार नाहीं. उपदेशाचीं शंभर भाषणें मीं दिलीं असतीं, तरी इतकें साधलें नसतें.

आणि ही विद्या केवळ जुगार टाळण्यासाठीं आहे असेंही नव्हे. आपला जिल्हा पावसावर जगतो. पाऊस येईल ह्या आशेनें धूळपेरणी करणारा शेतकरी संभाव्यतेचेंच गणित मनांत मांडीत असतो. हवामान खातें पावसाळ्यापूर्वीं जो अंदाज प्रसिद्ध करतें त्यांत संभाव्यतेचे आंकडे असतात. समजा, उद्यां पाऊस येण्याचा संभव शंभरांत साठ आहे असें सांगितलें व पाऊस आला नाहीं, तर आपण लगेच म्हणतों, अंदाज खोटा ठरला. पण साठ ह्याचा अर्थच असा कीं, अशा शंभर दिवसांपैकीं चाळीस कोरडे जावयाचे. अंदाज खरा कीं खोटा हें एका दिवसावरून नव्हे, अनेक दिवसांच्या टिपणावरून ठरतें. ह्या वर्षीं नववी-दहावीच्या मुलांनीं पावसाळाभर अशी वही ठेवावी असा माझा विचार आहे. ती वही घरच्या वडील मंडळींनींही पाहावी. बियाणें मातीत टाकण्यापूर्वीं, पाऊस ओढला तर दुबार पेरणीचा खर्च किती, व वेळेवर आला तर लाभ किती, हें संभवाशीं ताडून पाहण्याची संवय लागली, तर दैवास दोष देण्याचे कांहीं प्रसंग तरी कमी होतील. सर्वच टळतील असें मी म्हणत नाहीं. आकाश आपल्या हातीं नाहीं.

कोणी म्हणतील, परीक्षेंत ह्या प्रकरणास गुण किती, आणि त्यासाठीं इतके तास कां द्यावे ? त्यांस माझें उत्तर असें कीं, गुणांसाठीं सुद्धां हें फायद्याचें आहे; कारण ज्यानें प्रकार हातानें मोजले तो नमुना अवकाश लिहितांना चुकत नाहीं. कोणी म्हणतील, सर्व शाळांत पुरेसे संगणक कोठें आहेत ? एक असला तरी पुरे. एका मुलानें कळ दाबावी, बाकीच्यांनीं आधीं आपलें भाकित वहींत लिहावें. एकही नसेल तर चिंचोके तरी कोठें महाग आहेत ? परंतु दोन नियम मीं कडक ठेविले आहेत. पहिला : भाकित आधीं, फेक नंतर, भाकितावांचून टाकलेला फांसा हा नुसता खेळ होय. दुसरा : पैसा नाहीं, पैज नाहीं, बक्षीसही नाहीं. दोष फांशांत नसून लोभांत आहे. बारा प्रेषितांपैकीं रिकाम्या झालेल्या जागेवर मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, व त्याच ग्रंथांत वधस्तंभाखालीं शिपायांनीं वस्त्रासाठीं चिठ्ठ्या टाकल्या असेंही लिहिलें आहे. चिठ्ठी तीच, अंतःकरण निराळें.

त्या पालक गृहस्थांचें माझ्या उत्तरानें पूर्ण समाधान झालें असें मला म्हणवत नाहीं. निघतांना ते म्हणाले, "गुरुजी, तुमचें म्हणणें पटतें, पण मग पत्तेच कशाला? आमच्या लहानपणीं चिंचोके होते." मला तें तत्काळ पटलें. वर सांगितलेला चिंचोक्यांचा प्रयोग त्यांच्याच सूचनेचें फळ आहे, व त्या दिवसापासून पत्ते मीं कपाटांत ठेवून दिले आहेत. फांसे मात्र राहतील.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस पुढें आयुष्यांत अनेक जण सांगतील कीं, हा डाव तुमचाच आहे. अशा वेळीं फक्त दोन प्रश्न विचारा : एकंदर प्रकार किती, आणि त्यांतले माझे किती ? पालकजनांस माझी नम्र विनंति अशी कीं, मुलगा घरीं येऊन आज आम्ही फांसे टाकले असें सांगेल, तेव्हां त्यास रागें भरूं नये. त्याला आपल्याजवळ बसवून वही दाखवावयास सांगावी, आणि टाकण्यापूर्वीं तूं काय लिहिलें होतेंस, इतकें अवश्य विचारावें.